मास्तरीणबाईंची तिकडची खोली

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. एका मोठ्या टेलरिंगच्या दुकानात त्या कितीतरी वर्षं कापड बेतत होत्या, आणि जो बेततो त्याला त्या धंद्यात मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीण. पुढे दुकान बंद पडलं, मालक गेला, कारागीर पांगले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा तेवढा ‘अगं’ म्हणायचा. मोठी नणंद मात्र मुद्दाम लांबण लावून ‘काय गं मास्तरीण’ म्हणायची, आणि त्या ‘काय गं’मध्येच अर्धं भांडण असायचं.

घर होतं चौथ्या मजल्यावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि स्वतःच्या इमारतीची लिफ्ट नेहमी बंद, यावर शेजाऱ्यांचे विनोद करून झाले होते. घरात माणसं तीन: हे दोघं आणि नणंद. नणंदेचे यजमान लवकर गेले, मुलगा शिकून परदेशी गेला, तेव्हापासून ती माहेरीच. माहेर तरी कसलं, सासूबाईंनी जाताना घर भाऊ-बहीण दोघांच्या नावावर केलेलं, म्हणजे ती मालकीणच. ही गोष्ट ती बोलून दाखवत नसे. दाखवायची गरजही पडत नसे.

सासूबाई शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीत होत्या. तेव्हा मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं की जगातले सगळे कपडे उभ्या माणसासाठी बेतलेले असतात. माणूस बसला की कपडा खोटं बोलायला लागतो. पुढून पोटावर चोळामोळा होतो, मागून कंबर उघडी पडते, आणि मांडीखालची शिवण दिवसभर टोचून टोचून जखम करते. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि बसलेल्या माणसाचा पायजमा बेतला. पाठीमागे उंच, पुढे आखूड, मांडीखाली शिवणच नाही, बाजूने वरपासून खालपर्यंत उघडणारा. नणंदेने तो आईला पहिल्यांदा चढवला तेव्हा आईला उठवावंच लागलं नाही. ‘बरा आहे,’ असं नणंद म्हणाली. तिच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या.

सासूबाई गेल्या, नमुने खिळ्याला टांगलेले राहिले. आधी शेजारच्या आजारी माणसांसाठी, मग इस्पितळातून कुणी कुणी पाठवलं म्हणून, असे कपडे जात राहिले. आणि नणंदेच्या मुलाने, ज्याला घरात अजून बाळ म्हणत, तिकडे त्याच्या इमारतीत राहणाऱ्या एका नर्सला त्या कपड्यांचे फोटो दाखवले. नर्स वृद्धाश्रमात कामाला होती. तिने तिच्या मुख्य बाईंना दाखवले, त्यांनी त्यांच्या संस्थेला. संस्थेचं उत्तर आलं: आम्हाला हे नमुने हवेत, सगळ्या मापांत, दरवर्षी. पण आमचा नियम असा, की आमच्याच देशात नोंदलेल्या कंपनीकडून आम्ही माल घेतो. हा हंगाम संपेपर्यंत थांबू, नंतर दुसरं कुणी बघू.

‘मग झालंच की,’ नणंद त्याच संध्याकाळी म्हणाली. ‘बाळ तिथलाच रहिवासी आहे. त्याच्या नावावर कंपनी काढायची. एका दिवसाचं काम. तू इथे बसून काप, तो तिथे बघेल.’

‘वन्सं, पण नमुने माझे आहेत.’

‘तुझेच आहेत गं. कुणी पळवतंय का? नाव काय, नाव नुसतं कागदावर.’

‘नुसतं कागदावरच असतं ना, तर माझंच असू दे.’

नणंदेने भावाकडे पाहिलं. भाऊ स्क्रू घासत होता. त्याला घरातल्या दोन बायकांच्या मधे बोलण्यापेक्षा दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट बरी वाटायची.

‘अगं, ओळख कुणी करून दिली?’ नणंद म्हणाली. ‘माझ्या बाळाने. नाहीतर तुझे कागद त्या खिळ्यालाच वाळत होते.’

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. पण दुकानात त्यांनी बेतलेल्या प्रत्येक कोटाच्या गळ्यात आतून मालकाच्या नावाची पट्टी शिवलेली असायची, आणि ती पट्टीसुद्धा त्यांनीच कापलेली असायची. पुन्हा एकदा तेच करायला हात उठेना.

परक्या देशात न राहता तिथे कंपनी नोंदवता येते, हे त्यांना एका सल्लागार बाईकडून कळलं. झेरॉक्सच्या दुकानावर तिचं छोटं ऑफिस होतं आणि तिला कायम सर्दी असायची.

‘येतं की,’ ती नाक पुसत म्हणाली. ‘अनिवासी मालक म्हणून. थोडं किचकट असतं, पण होतं. तुमची ओळख पटवायची, तिथला एक पत्ता द्यायचा.’

‘माझा कुठला आला तिथे पत्ता?’

‘भाड्याने मिळतो. फक्त पत्ता हं. सरकारी पत्र आलं तर ते लोक घेतात, फोटो काढून पाठवतात. तुम्हाला जायचं-यायचं नाही.’ तिने एका चिठ्ठीवर लिहून दिलं: घर क्रमांक, रस्त्याचं नाव, तिसरा मजला, खोली सात.

घरी नणंदेने चिठ्ठी वाचली. ‘म्हणजे तू उंटावरून शेळ्या हाकणार,’ ती म्हणाली. ‘आणि शेळ्या तरी कुठे आहेत!’

पण मास्तरीणबाईंना तोवर काही ऐकू येत नव्हतं. खोली सात. नुसता रस्ता दिला असता तर त्या विसरून गेल्या असत्या. मजला आणि खोली सांगितली की जिना लागतो, आणि जिना लागला की माणूस चढायला लागतं.

पहिल्यांदा त्या चढल्या तेव्हा भात शिजत होता. जिना लाकडाचा होता, मधे मधे झिजलेला, कठडा थंडगार. पहिल्या मजल्यावर कुणीतरी किल्ल्या बनवत होतं, धातूचा वास येत होता. दुसऱ्या मजल्यावर बंद दारामागे कुणी वाद्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत होतं, दर वेळी त्याच जागी चुकत. तिसऱ्यावर सात नंबरचं दार. दाराला त्यांनी हात लावला आणि भात करपला.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. खोली फार मोठी नव्हती, पण खिडकी उंच होती आणि उजेड उत्तरेकडचा, सपाट, ज्यात कापडाचा रंग खोटा पडत नाही. खिडकीपाशी टेबल. हे टेबल कमरेच्या उंचीचं होतं, उभं राहून कापण्याचं, आणि त्यावर कुणीही कधीही जेवत नव्हतं. मास्तरीणबाई कितीतरी वेळ त्या टेबलाजवळ नुसत्याच उभ्या राहिल्या. इकडे घरी दिवसातून दोनदा, ताटं आली की, कागद गुंडाळून, टाचण्या वेचून, खडू पुसून टेबल मोकळं करावं लागायचं. आणि कितीही वेचल्या तरी एखादी टाचणी नणंदेच्याच बोटाला सापडायची.

मग त्या रोज जायला लागल्या. दुपारी नणंद आडवी झाली की, नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावताना, बसच्या रांगेत, दात घासताना. तिथे थंडी असायची, म्हणून त्यांनी दारामागे एक खुंटी ठोकली आणि तिला जाड कोट अडकवला. खिडकीखाली नदी नव्हती, त्यांनी नदी मुद्दामच ठेवली नाही. नदीकडे बघत बसलं तर काम होत नाही. समोर एक भिंत होती, वेलाने झाकलेली, आणि हंगामाबरोबर वेलाचा रंग बदलायचा. एकदा छत गळायला लागलं तेव्हा त्यांना दोन दिवस घोर लागला होता. खालच्या मजल्यावरचा किल्लीवाला शिडी घेऊन आला, तेव्हा कुठे जिवाला स्वस्थता. तो बोलायचा नाही, नुसता मान हलवायचा; भाषा येत नव्हती ना.

या सगळ्याला कुणी वेड म्हणेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शिवाय स्वप्न म्हणावं तर डोळे उघडे असायचे, आणि काम कमी झालं म्हणावं तर उलट वाढलं होतं. बाह्यांचा नवा नमुना, चाक ढकलताना काखेत न ताणणारा, त्यांना त्या टेबलावरच सुचला होता. इकडच्या टेबलावर त्यांनी तो फक्त कापला.

ओळख पटवण्याचा व्हिडिओ कॉल सकाळी होता. तिकडचा एक अधिकारी, वयस्क, चष्मा कपाळावर ढकललेला. बाजूच्या चौकटीत दुभाषी बाई, तिचा आवाज कोरडा आणि स्वच्छ. मास्तरीणबाईंनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती. नणंद पलंगावर बसून, आपलं लक्ष नाही असं दाखवत, कान देऊन होती.

नाव, जन्माचं साल, ओळखपत्र कॅमेऱ्याजवळ धरा, थोडं मागे, ठीक. सगळं सुरळीत चाललं होतं. त्यांची छाती धडधडत होती, आणि छाती धडधडली की माणूस आपल्या सवयीच्या जागी जाऊन उभं राहतं.

‘साहेब विचारतायत, तुम्ही काम कुठे करता?’ दुभाषी म्हणाली.

मास्तरीणबाईंनी पत्ता सांगितला. घर क्रमांक, रस्ता, तिसरा मजला, खोली सात. एकही अक्षर न अडखळता.

अधिकाऱ्याने चष्मा डोळ्यांवर घेतला.

‘तिथे काय आहे, असं विचारतायत.’

‘टेबल आहे माझं. खिडकीपाशी.’

‘तिथे तुम्ही कधी जाता?’

‘रोजच. दुपारी.’

दुभाषी बाईने ते जसंच्या तसं तिकडे सांगितलं. कोरड्या आवाजात. बोलून गेल्यावर मास्तरीणबाई जाग्या झाल्या. पण बाण सुटला होता.

‘असं कसं सांगितलंत हो!’ सल्लागार बाईला शिंकांमधून बोलता येईना. ‘अहो, अनिवासी म्हणजे जो तिथे राहत नाही, तिथे काम करत नाही तो! तुम्ही रोज तिथे जाता म्हणालात, म्हणजे त्यांच्या देशात परवान्याशिवाय काम करताय! नाहीतर खोटं बोलताय. अर्ज थांबवलाय त्यांनी. ती खोली माहितीय काय आहे? भिंतभर कप्पे आहेत नुसते. पत्रांचे. शे-दीडशे कंपन्या आहेत त्या एका खोलीत.’

‘खिडकी आहे का?’ मास्तरीणबाईंनी विचारलं.

‘मला काय माहीत!’

उपाय एकच होता, तिने समजावलं. पुन्हा कॉल होईल. त्यात खरं काय ते सांगायचं, की धंद्याचे निर्णय प्रत्यक्षात कुठल्या जागी बसून होतात. आणि ती जागा ज्यांच्या मालकीची असेल, त्या सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की आमची हरकत नाही. हंगाम संपत आला होता. हा कॉल फसला की संस्था दुसऱ्या कुणाकडे जाणार.

म्हणजे नणंदेला विचारणं आलं.

घरी ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कारण नणंदेने सकाळचं सगळं ऐकलंच होतं. ‘रोजच, दुपारी!’ ती म्हणाली. ‘आणि आम्ही समजतोय बाई घरात आहे. बघ, अजून वेळ गेली नाही. बाळाला फोन करते. त्याला कुणी काही विचारणार नाही, तो खरोखर आहे तिथे.’

मास्तरीणबाई न जेवताच गॅलरीत जाऊन बसल्या. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा वाईट म्हणजे खोलीचं दार लागलं होतं. हात लावला तरी उघडेना. फटीतून कप्पेच कप्पे दिसत होते.

नवरा बाहेर आला. शेजारी स्टुलावर बसला. रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘कुठल्या मजल्यावर म्हणालीस?’

‘तिसऱ्या.’

‘लिफ्ट आहे?’

मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. ‘नाही. जिना आहे. लाकडाचा.’

‘मग तुझी चाकाच्या खुर्चीतली गिऱ्हाइकं मापं द्यायला वर कशी येणार?’

इतक्या महिन्यांत हे त्यांना सुचलंच नव्हतं. कोट सुचला, खुंटी सुचली, वेल सुचला; आणि ज्यांच्यासाठी सगळं, त्या माणसांना त्यांनी खाली रस्त्यावर ठेवलं होतं.

‘जिन्याच्या मधे मोकळी जागा किती आहे?’ त्याने विचारलं. त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवली. त्याने त्या हातांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं, मान हलवली. ‘बसेल. लहानशी बसेल. दार बाजूला सरकणारं घ्यावं लागेल.’ आणि मग उठता उठता, ‘ताईशी तूच बोल. मी बोललो तर ती मला लहान भाऊ करून टाकते.’

नणंद स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मास्तरीणबाई दाराशी उभ्या राहिल्या.

‘वन्सं, मला तुमचं हो पाहिजे.’

‘कशाला? तुझं टेबल तिकडे आहे ना खिडकीपाशी?’

‘नाहीये. इथलंच आहे. जेवणाचं.’

नणंद एक कप पुसत राहिली, कोरडा झाला तरी. मग पाठ न वळवताच म्हणाली, ‘तुझ्या खोलीत कपाट आहे?’

‘नाही अजून.’

‘बाळाच्या स्वयंपाकघरात आहेत. तीन. वरच्याचं दार नीट लागत नाही. मी रोज त्याला सांगते, बिजागरी बदल. म्हणजे मनातल्या मनात. त्याचे कप तो उपडे ठेवत नाही, धूळ बसते त्यात. ते मी उपडे करून येते.’ तिने हातातला कप फळीवर उपडा ठेवला. ‘एकदा फोनवर मागे दिसलं होतं स्वयंपाकघर, एवढंच. अजून ये म्हणालेला नाही. तुला काय वाटलं, तू एकटीच जातेस तिकडे?’

मास्तरीणबाई आत आल्या आणि त्यांनी दुसरा फडका घेतला.

‘कंपनी त्याच्या नावावर असती,’ नणंद म्हणाली, ‘तर त्याला फोन करावा लागला असता. कामाचा का होईना. हे काप, ते पाठव, आई, मामीला सांग. रोज काही ना काही निघालं असतं.’

भांडी संपली. दोघी तरीही काही तरी पुसत उभ्या राहिल्या. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता आणि स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीतून येणारा उजेड नळावर, कपांच्या कडांवर, नणंदेच्या पांढऱ्या केसांवर असा पसरला होता, की ही खोली नेमकी कुठल्या देशातली हे थोडा वेळ कुणालाच सांगता आलं नसतं.

‘माझी कंपनी असली,’ मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, ‘तरी तिकडे माणूस लागेलच. कापड बघायला, संस्थेत जाऊन यायला. मला ती भाषा कुठे येते? मी बाळालाच फोन लावणार. आणि मला तो फोन धड लावता येत नाही, तुम्हालाच लावून द्यावा लागेल.’

नणंदेने नाक उडवलं. ‘लबाड आहेस.’

‘असेन.’

‘बघते,’ नणंद म्हणाली, आणि त्याहून जास्त त्या दिवशी काही बोलली नाही.

दुसऱ्या कॉलच्या सकाळी मास्तरीणबाईंनी टेबल आवरलं नाही. जसं होतं तसं राहू दिलं: खाकी कागद, वाकडी पट्टी, अर्धा पायजमा, टाचण्यांची डबी, आणि कोपऱ्यात मिठाची बाटली. नणंद येईल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. नवरा शर्ट बदलून खुर्चीत येऊन बसला होता आणि स्वतःचे हात मांडीखाली लपवत होता, कारण नखांतलं ग्रीस निघत नव्हतं. तिसरी खुर्ची रिकामी होती.

तोच अधिकारी, तीच दुभाषी. पहिला प्रश्न तोच.

‘इथे,’ मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॅमेरा टेबलावरून फिरवला. ‘काम इथे करते. निर्णयही इथेच घेते. त्या खोलीत मी कधी गेलेले नाही. मी तिचा फक्त विचार करते. मागच्या वेळी चुकून तेच सांगितलं.’

दुभाषी बाई भाषांतर करताना या वेळी थोडी अडली, एक शब्द बदलून पुन्हा घेतला. अधिकाऱ्याने ऐकलं. चष्मा खाली घेतला, पुन्हा कपाळावर ढकलला. त्याने कागदावरचा अर्धा पायजमा जवळून दाखवायला सांगितला, आणि बराच वेळ तो बघत राहिला.

‘जागेचे मालक कोण, विचारतायत.’

‘मी,’ नवरा म्हणाला. ‘हरकत नाही.’ आणि त्याला घाम फुटला.

‘दुसऱ्या मालक?’

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नणंद येऊन बसली, पदर सारखा केला, आणि पडद्याकडे अशी बघायला लागली, जशी ती भाजीवाल्याकडे बघते.

‘या टेबलावर व्यवसाय चालवायला आपली हरकत आहे का?’

‘आहे,’ नणंद म्हणाली. ‘जेवताना टाचण्या टोचतात. किती वेळा सांगितलं हिला.’

‘हो की नाही, एवढंच सांगा बाई,’ दुभाषी कोरडेपणाने म्हणाली.

‘टाचण्यांची हरकत आहे. व्यवसायाची नाही. असं सांगा त्यांना.’

दुभाषीने सांगितलं. पलीकडून अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं, या वेळी जरा पुढे वाकून.

‘साहेब शेवटचं विचारतायत. तुमचा मुलगा इथला रहिवासी आहे, असं संस्थेच्या पत्रात आहे. कंपनी खरोखर कुणाची? त्याची की यांची?’

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. नणंदेने समोरचा खाकी कागद आपल्याकडे ओढला, मांडीखालच्या जागी जिथे शिवण नव्हती तिथे बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच ठेवून म्हणाली, ‘हिची. माझ्या भावजयीची. माझ्या आईच्या अंगावर मी स्वतः चढवलाय हा. बाळ काय, नुसता फोटो दाखवणारा.’

‘भावजय,’ दुभाषी पुटपुटली, आणि तिकडच्या भाषेत त्यासाठी तिला चार शब्द खर्चावे लागले. अधिकाऱ्याने ते ऐकून लिहून घेतलं, मान हलवली, आणि पडद्यावर त्याचा हात पुढे येऊन कुठलंसं बटण दाबताना दिसला. नोंद झाली, कागद येतील, दुभाषी म्हणाली. पडदा काळा झाला.

मास्तरीणबाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण नणंद आधीच उठली होती.

‘अकरा वाजले,’ ती म्हणाली. ‘बाळ जागाच असेल तिकडे. काम आहे म्हणून सांगते त्याला. काय काम सांगू?’

‘सांगा,’ मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘की मामीला तिथल्या कापडाचे तुकडे हवेत. जाड, मऊ, सगळ्या रंगांचे. आणि विचारा, की तिकडे आज थंडी आहे का.’